भोंग्याशिवायचा हादरा

गोव्यात थिवी स्टेशनवर बाबांनी माझी बॅग वर चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी आले. "पोचल्यार फोन कर गो," एवढंच म्हणाले. गाडी हलली. दादा हात हलवत होता, बाबा नुसते उभे होते. इमारतींच्या सांगाड्यांचे आराखडे करणाऱ्या छोट्या ऑफिसात नोकरीला मी गुवाहाटीला निघाले होते. आमोण्याहून इतक्या लांब आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं.

हादरे मला नवे नव्हते. बाबा खाणीवर सुरुंगाचे बार भरायचे. दुपारी भोंगा व्हायचा, आई चुलीवरचं भांडं धरायची, धाडकन आवाज यायचा. बश्या किणकिणायच्या आणि आम्ही पुन्हा जेवायला लागायचो.

गुवाहाटीत तिसऱ्याच आठवड्यात, सकाळी वेणी घालताना, पलंग सरकला. मी वेडी, भोंगा झाला नाही म्हणून तशीच उभी! घरमालकीण काकूंनी हाताला धरून मला अंगणात नेलं. हिंदीत म्हणाल्या, "भूकंपाला वेळ नाही, जागा नाही. चप्पल दाराशी ठेवत जा."

ऑफिसातही तेच शिकले. कुठल्या पट्ट्यात धोका जास्त, हे नकाशा सांगतो. नेमका कुठे, केव्हा, हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या हातात असतं ते फक्त घर नीट बांधणं.

दोन वर्षांपूर्वी दादाने नव्या घराचा प्लॅन पाठवला. खाली गाड्यांसाठी सगळं मोकळं, बारीक खांब, वर दोन मजले. मी लगेच फोन केला. "खालचा मजला असा मोकळा असला की हादऱ्यात तोच आधी बसतो. खांब जाड कर. खाली भिंती घे. सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांध."

"गोंयांत खंय येता गो भूकंप?" दादा हसला.

"येणारच असं मी म्हणत नाही. पण येणार नाही, असं तुला कुणी लिहून दिलंय?"

"तिथे बसून आम्हांला घाबरवू नको." त्याने फोन ठेवला. चार दिवस बोलला नाही. मी रजा काढून आले.

जेवताना बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग दादाला म्हणाले, "खाणीर बार आमी भरताले, म्हणून भोंगो वाजयताले. हो बार आमचो न्हय. बाय सांगता तशें कर."

सकाळी दादा टेप माझ्या हातात देऊन म्हणाला, "दाखय." सावंतवाडीकडचे कामगार रिंगांची टोकं काटकोनात वाकवत होते. हादऱ्यात ती उघडू नयेत म्हणून मी ती आणखी आत वळवायला लावली. म्हातारा मेस्त्री आधी कुरकुरला, दुपारपर्यंत तोच बाकीच्यांना शिकवू लागला.

यंदा चवथीला त्या घरात गणपती बसला. मी चार दिवस राहून परत आले.

माझ्यासारखे जे दूर गेलेत, त्यांना ठाऊक असेल: आपल्याच दारात पाहुणं होण्याची भीती मनात असते. मलाही होती. पण परवा गावाहून शेजारच्या काकींचा फोन आला. "बाय, पाया खणतात. प्लॅन धाडतां, बघ आनी सांग. तोपर्यंत मेस्त्रीक थांबयलां." ज्या गावात माझ्या शब्दासाठी पायाचं काम थांबतं, ते माझं घर आहे. मी टेबलावरचं बाकीचं काम बाजूला सारलं आणि काकींचा प्लॅन उघडला.