काकांचा वाद

लंडनजवळ हाउन्सलोला आमच्या शेजारी राहणारे काका बेसबॉल शिकले, ते अमेरिकेतल्या मुलाशी बोलायला विषय हवा म्हणून. दर रविवारी फोनवर, उभं राहून हातवारे करत, ते कुणाची टीम बेस्ट यावरून त्याच्याशी तावातावाने भांडायचे.

एका उन्हाळ्यात मुलगा अपघातात गेला. ऑक्टोबरात त्याची लाडकी टीम चॅम्पियन झाली. काका पेपर घेऊन माझ्याकडे आले. फोटोत खेळाडू एकमेकांवर शॅम्पेन उडवत होते.

"तू जरा त्याची बाजू घे," ते म्हणाले. "म्हण, आमचीच टीम बेस्ट."

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी म्हणालो, "काका, आमचीच टीम बेस्ट."

वाटलं, आता ते माझ्यावर तुटून पडतील. पण फोटोवरून हात फिरवत ते म्हणाले, "हो रे बाळा, तुझीच."