पहिल्या बसआधी शेगडी: देवरीतले दोन दिवस

माझं झेरॉक्सचं दुकान मरगळलं होतं. नवरा म्हणे, जोडीला डबे सुरू कर. मी म्हणे, एक ना धड, भाराभर चिंध्या! शेवटी वैतागून एप्रिलच्या एका शनिवारी नागपूरहून देवरीची एसटी पकडली. तिकीट दोनशेच्या आसपास, रस्ता झकास. सडक अर्जुनीला बस थांबली की आलुबोंडा तर्रीसोबत खा, कोरडा नको.

देवरीत स्टँडसमोरच्या साध्या लॉजवर उतरले. खाली कुशलाबाईंचा चहाचा ठेला, ठेल्यामागे त्यांचं शिलाई मशीन. त्यांचा नवरा रायपूरला बांधकामावर, म्हणून सगळं एकटीच्या अंगावर. सध्या पहाटे मोहफुलंही वेचायची होती. त्यात त्या सकाळी त्यांना उशीर झालेला. या स्टँडचा अलिखित कायदा असा की पहिली बस लागताना ज्याची शेगडी पेटलेली, त्याची जागा. शेजारच्या अंडेवाल्याने गाडीचं एक चाक त्यांच्या जागेत घातलंच होतं. माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "कल नहीं जली, तो जगह मेरी."

मी शहाणपणा केला. म्हटलं, मावशी, एकच काहीतरी नीट का नाही करत?

ब्लाउजला काज करता करता त्या म्हणाल्या, "चहानं रोजचं भागते. मशीन लगनात चालते. अन् मोहा पडला का थांबत नाई. कोन्ताले सोडू, सांग?"

मी म्हटलं, उद्या मोह वेचायला मलाही न्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे हट्टाने त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. जंगलाचा रस्ता चार किलोमीटर आणि माझं वजन काय सांगू! झाडापाशी पोचता पोचता मागचं चाक पंक्चर झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वाजता पहिली बस, आणि माझ्या हौसेपायी या बाईची जागा जाणार होती.

त्यांनी पहिल्या ओंजळीतली चार फुलं बुंध्याशी ठेवली, हात जोडले, टोपली माझ्याकडे दिली. "तू वेच. गाई आल्या त हाकल. मी जाऊन राहिली." लुगडं खोचून त्या पायवाटेने पळत सुटल्या. पन्नाशीची बाई!

मी एकटी वाकून वेचत राहिले. कंबर मोडली, तरी टोपली अर्धीच भरली. बाकीची फुलं दोन गाईंनी मला न जुमानता फस्त केली. सायकल ढकलत नऊला स्टँडवर आले तर शेगडी धगधगत होती आणि अंडेवाला आपली गाडी मागे घेऊन तिथेच चहा पीत होता. कुशलाबाई ब्लाउजला हुक लावत होत्या. टोपलीत डोकावून म्हणाल्या, "अर्धीच? उद्या असती त शिकली असती."

चहाचे पैसे त्यांनी घेतले, पंक्चरचे मात्र घेतले नाहीत.

जायचं असेल तर मोहाच्या दिवसांत जा आणि स्वतःची गाडी न्या. मी घरी परतले तेव्हा ओढणीला मोहाचा वास होता. दोन धुण्यांत तो गेला, पण ती पळणारी पाठ काही डोळ्यांसमोरून हलेना. आज पहाटे साडेपाचला मी गॅस पेटवला. पहिले चार डबे साडेआठला गेले आणि नऊच्या ठोक्याला मी दुकानाचं शटर वर केलं.