शिवणाच्या टेबलावरचं इंजिन

"दादा माझ्यावर ओरडला असता, तर मी पाना कधी हातात धरलाच नसता," असं शिंपीण एकदा म्हणाली होती.

दादा ओरडला नाही, हेच तिच्या जिव्हारी लागलं होतं. चूक सगळी तिची. त्याची एटीव्ही जुनी, चार जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची. त्या गाडीच्या पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळावं लागे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल जातं ते त्या मिश्रणातूनच. हिने घाईघाईत टाकी भरली ती नुसत्या पेट्रोलने. दादाला घेऊन जाताना अर्ध्या चढावर गाडीने एक किंकाळी फोडली आणि ती जागीच थिजली. अधू गुडघ्यानिशी काठी टेकत दादा तासाभराने घरी पोचला, हात धुतले आणि म्हणाला, "जाऊ दे. जुनीच होती."

चढाच्या माथ्यावर त्याच्या मधमाश्यांच्या बावीस पेट्या होत्या. गाडीशिवाय तिथवर जाणं त्याला शक्य नव्हतं. आठवडाभराने त्याने खालच्या गल्लीतल्या मधवाल्याला निरोप धाडला: महिनाअखेरच्या रविवारी ये आणि पेट्या घेऊन जा. मग तो खिडकीशी बसू लागला. घरात असून नसल्यासारखा.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने हात झटकले. "माझ्याकडे आधीच बारा गाड्या खोळंबल्यात. हे म्हातारं इंजिन कोण उघडणार?"

"मी उघडते. तुम्ही नुसतं सांगा."

"बाई, ही काही विजार नाही उसवायला."

"विजार उसवून बघा एकदा, मग बोला."

मिस्त्री हसला आणि तिथेच फसला. त्याच्या दोन माणसांनी गाडी ढकलत अंगणात आणली आणि इंजिन उतरवून तिच्या शिवणाच्या टेबलावर ठेवलं. तिने पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा बोल्ट, त्याच जागी भोक पाडून खोचला. पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याची एक बाजू पार खरवडलेली होती, वितळलेला धातू फासल्यासारखा पसरला होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला. माणूस आतून असा खरवडला तर बाहेरून "जाऊ दे" एवढंच ऐकू येत असेल, असं तिला वाटलं.

मिस्त्रीने सिलिंडर आतून थोडा मोठा करून दिला, त्या मापाचा नवा पिस्टन मागवून दिला. दुसऱ्याच दिवशी ती तक्रार घेऊन हजर.

"सैल बसतोय."

"सैलच हवा. तापला की फुगतो."

"म्हणजे बसल्यावर टराटरा फाटू नये म्हणून आम्ही ठेवतो तशी ढिलाई."

"तुला काय शिकवायचं आता! फक्त बसवताना इंजिनाच्या खालच्या उघड्या तोंडात चिंधी कोंब, आत काही पडायला नको. विसरू नकोस."

ती विसरली नाही. शनिवारी सकाळी तिने सात चिंध्या हातात घेतल्या आणि सातही खाली ठेवल्या. प्रत्येकीला धागे सुटलेले. आत एक धागा गेला तर? तोंड तिने उघडंच ठेवलं. आणि पिस्टनची पिन अडवणारी तारेची इवलीशी कडी चिमट्यातून निसटली, टण्णकन उडाली. टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक तिने सगळ्या फरशीवर फिरवलं. चौदा टाचण्या मिळाल्या. कडी नाही.

"काय शोधतेस?" खिडकीपासून दादाने विचारलं.

"कडी... बहुतेक आत पडली."

"चिंधी नव्हती कोंबली?"

"धागे जातील म्हणून—"

"अगं, रुमाल कोंबायचा! टॉवेल कोंबायचा! घरात कापडाचे डोंगर, आणि हिने इंजिन आ वासून ठेवलंय! अक्कल गहाण टाकलीस का, धाकटे?"

तो इतका ओरडला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. शिंपिणीला कित्येक दिवसांनी पुरता श्वास घेता आला. मनातून ती म्हणत होती, ओरड, अजून ओरड.

तो काठी टाकून, टेबलाला धरत आला. तिने पिस्टन सोडवला, खाली पांढरी चादर पसरली. दोघांनी मिळून इंजिन उपडं केलं आणि हलवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चादरीवर कडी टपकली.

"धरून ठेव," दादा म्हणाला. "आता मी रुमाल धरतो, तू बसव."

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या माणसांनी इंजिन जागेवर चढवलं. दादाने पेट्रोलमध्ये तेल स्वतः मोजून घातलं. दोरी ओढली; काही नाही. पुन्हा ओढली, एक ढेकर. पाचव्यांदा निळा धूर सुटला आणि अंगणभर तो ओळखीचा फटफटाट झाला.

मधवाला नेमका तेव्हाच फाटकात. "मग, पेट्या कधी उचलू?"

"कसल्या पेट्या? तू परत जा." दादा सीटवर चढून बसला आणि मागे वळून, घरात मशीनशी उभ्या असलेल्या बहिणीला ओरडून म्हणाला, "ए मिस्त्रीण! पहिला अर्धा तास हळूच न्यायची म्हणतात. मध्येच बंद पडली तर ढकलायला मी एकटा कुठून आणू जोर? येतेस की शिवत बसतेस?"

तिने काळे हात परकराला पुसले, मशीनवरचं अर्धं शिवलेलं कापड तसंच सोडलं आणि ती बाहेर पडली.