धुरपताबाईची दुसरी चूल

कंट्रोलचं लुगडं भिकाबाईनं धाकट्या सुनेच्या हातात ठेवलं, तवापासून थोरल्या धुरपताच्या पोटात जाळ पेटला.

पुसेगावात त्या साली दुकानात कापड दिसतच नव्हतं. निजामाच्या सरकारनं भाव बांधला आन् दुकानदारांनी माल मागच्या दारानं काढला. गरिबाला कार्डावर मिळंल तेवढंच. एका चुलीला एक कार्ड, एका कार्डावर महिन्याचा शिधा आन् वर्साला एक लुगडं. भिकाबाईच्या घरात लेक दोन, सुना दोन, पण चूल एकच.

धुरपता अकराव्या वर्षी ह्या घरात आली. सासूनंच तिला भाकर थापायला शिकवलं, तिच्या उवा काढल्या, ताप आला तवा मांडीवर घेऊन बसली. धाकट्या मिराला येऊन दोन वर्सं न्हाई झाली. "पोटुशी हाय ती, तिला लागतंय," एवढंच म्हातारी म्हणली. धुरपताच्या अंगावरल्या लुगड्याला सात ठिगळं. त्याचं काही न्हाई. देताना म्हातारीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, ते टोचून राहिलं.

मिरा लुगडं वाळत घालायला लागली की धुरपता म्हणायची, "आणखी पसर. वेशीतून दिसू दे."

"तुमीच नेसा की, अक्का."

"तुझं उतरलेलं नेसू व्हय मी?"

शेवटी तिनं नवऱ्याला, वसरामला, गोठ्यात गाठलं.

"दुसरी चूल मांडते. कार्डापुरती."

"काहून? माय काय म्हणंल?"

"लुगडं देताना मायनं मला इचारलं होतं का?"

वसराम बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचं असंच.

गोठ्याच्या भिंतीला तिनं चूल घातली. कोरी चूल दाखवून कार्ड मिळत न्हाई, कार्डं लिहिणारा सरकारी गिरदावर काजळी बघतो, असं गावात सगळे म्हणत. म्हणून आठ दिवस तिनं तिथंच रांधलं. वसराम इकडं जेवायचा, बाकीचे तिकडं. म्हातारी मधी ओट्यावर बसून दोन्हीकडचा धूर बघायची.

गिरदावर आला. खरंच बोट फिरवून काजळी बघितली. दोन कार्डं लिहायला घेतली आन् भिकाबाईला म्हणला, "बडी बी, तुमचं नाव कोण्या चुलीवर? जिथं लिहीन तिथलाच शिधा."

धुरपता पदर सावरून म्होरं सरकली. तिला वाटलं, यात इचारायचं काय, म्हातारी आपल्याच चुलीवर येणार.

"जुन्या चुलीवर लिव्हा," म्हातारी म्हणली. "माझ्या हातची हाय ती."

जुनी चूल आता मिराच्या कार्डावर होती.

धुरपताला लुगडं मिळालं. त्याच गठ्ठ्यातलं, तसंच जाडंभरडं, तोच पिवळा काठ. नेसून तिनं पिठलं केलं, भाकर केली आन् ताट घेऊन म्हातारीपुढं गेली. म्हातारीनं ताट मागं सारलं.

"नको माय. सरकारनं मला तिकडं लिवलंय. इकडचं खाल्लं आन् कोणी जाऊन सांगितलं, तर तुझं कार्ड जाईल."

"कोण सांगतंय?"

"गावात काय कमी हायेत?"

म्हातारी खरंच भ्याली होती. तेवढ्यात आतून मिराचा आवाज आला, "आत्याबाई, वाढू का?" आन् म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

ते मात्र धुरपताला सोसलं न्हाई. म्हातारीच्या आधी ती आत गेली. मिरा तव्यावर भाकर टाकून राहिली होती.

"ऊठ."

"काय झालं, अक्का?"

"ऊठ म्हणते ना. तू गोठ्याकडं जा, तिथल्या चुलीवर रांध. हितं मी रांधणार."

"आन् कार्डं?"

"कार्डाला भाकर थापता येते का?"

मिरा पोट सांभाळत उठली. पिठाचे हात झटकून गोठ्याकडं गेली. जाताना हसली की काय, ते धुरपताला दिसलं न्हाई. दिसलं असतं तर तिनं तिला परत बसवलं असतं आन् भांडण काढलं असतं.

तव्यावरची भाकर तिनं काढून बाजूला ठेवली, ती मिराच्या हातची. दुसरी स्वतः थापली, फुगू दिली आन् म्हातारीच्या ताटात घातली.

"कोण्या चुलीची गं?" म्हातारीनं इचारलं.

"तुमच्या. खा आता."