होडीवरचं नाव लांबून बघताना

बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर चौकटी आखत होते. अक्षरलेखनाचा तास होता. प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी, दोन अक्षरांत सारखं अंतर, हे मी नालासोपाऱ्याच्या शाळेत गेली अठरा वर्षं शिकवते आहे. शिपाईमावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, अर्नाळ्याहून तिसऱ्यांदा फोन आलाय, घ्या आता." माझा मामा दुपारी जेवून आडवा झाला होता, तो उठलाच नाही... वर्गाला काय सांगून निघाले ते आठवत नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच डोक्यात घुमत होतं की मी त्याला 'नंतर' म्हटलं होतं.

मे महिन्यात त्याच्याकडे गेले होते, तीच आमची शेवटची भेट. ओट्यावर बसून तो ब्रशचे केस ब्लेडने तासत होता. बाजारातला ब्रश त्याने कधी तसाच वापरला नाही. "सहा होड्या घेतल्यात या वर्षी," तो म्हणाला. "हात जरा कापतो, बाय. रविवारची येशील?" मी म्हटलं, "शाळा सुरू होते आहे मामा, जून जाऊ दे, नंतर बघू." तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा ब्रशकडे वळला. आग्रह करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर आज बरं वाटलं असतं.

मामा पेंटर होता. गावात त्याला नावाने कुणी ओळखत नसे, पत्र आलं तरी 'पेंटरकडे दे' असंच म्हणत. गावातल्या नाटकांचे पडदे त्याचे, गणपतीची मखरं त्याची. नालासोपाऱ्यात चाळी पाडून इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा दुकानांच्या पाट्याही त्यानेच रंगवल्या. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. त्याने कपाळाला हात लावला नाही, नुसतं म्हणाला, "दोन उन्हाळ्यांत विटंल तो." मग राहिल्या होड्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेआधी त्यांना नवा रंग लागतो आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना नाव. ते नाव मामाच्या हातचं. जाड, गोलसर, पिवळ्या अक्षराला लाल कड. काही होड्या मे महिन्यातच वर यायच्या, तेव्हा लहानपणी सुट्टीत मी त्याच्या शेजारी डबा धरून बसायचे. लांब वाळूवर मामी सुकत घातलेल्या बोंबलांपाशी उभी असायची आणि कावळे हाकलायला मधूनमधून हात हलवायची. माझ्या सुट्ट्यांचं चित्र काढायला सांगितलं तर मी हेच काढेन.

चित्रकलेची पदविका घेऊन मी परत आले तेव्हा माझ्या अंगात भलतीच हुशारी शिरली होती. मामाची अक्षरं मला वेडीवाकडी दिसायला लागली. एकाच नावात एक अक्षर बोटभर अरुंद, तर शेवटचं वीतभर रुंद! एका होडीची डावी बाजू त्याने मला दिली. मी पट्टी लावली, दोरा ताणला, सगळी अक्षरं सारखी काढली. मामाने मान तिरकी करून पाहिलं. "छान. कंपासपेटीतून काढल्यासारखं झालंय," म्हणाला. मी ती शाबासकी समजले.

होडी समुद्रावरून परतताना किनाऱ्याकडे तोंड करून येते. वाट बघणाऱ्याला तिची बाजू दिसत नाही, तोंड दिसतं. तोंडापासून मागे जावं तसं लाकूड नजरेच्या रेषेत जातं आणि अक्षरं चेपत जातात. माझं पट्टीने काढलेलं नाव लांबून असं दिसत होतं की पहिली दोन अक्षरं धड आणि पुढे नुसता पिवळा गोळा. मामाची उजवी बाजू मात्र स्वच्छ दिसत होती. सगळा किनारा हसला. मी म्हटलं, पुसून टाक. मामा म्हणाला, "राहू दे. वर्षभर बघ." वर्षभर ती होडी माझी अब्रू घेऊन ये-जा करत राहिली आणि मी ब्रश खाली ठेवून शाळेची नोकरी धरली.

मामा गेला तेव्हा सहापैकी दोन होड्या झाल्या होत्या, चार राहिल्या होत्या. त्यातली एक गावातल्याच दिनेशची, अगदी नवी कोरी, नाव ठरलेलं 'दर्यासुंदरी'. बाराव्याला दिनेश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पन विरारला स्टिकर छापून मिळतो. दुपारी दिला की संध्याकाळी लावला." त्याचं चूक नव्हतं. होडी कुणासाठी थांबत नाही. पण मला आतून असं काही पेटल्यासारखं झालं की मी तिथेच म्हटलं, "स्टिकर नको. मी काढते. रविवारपर्यंत थांब."

मामाने काही लिहून ठेवलं नव्हतं. मी मास्तरीण, म्हणून टेप घेऊन त्याच्या जुन्या होड्या मोजायला निघाले. अकरा होड्यांवरची अक्षरं मोजून वहीत उतरवली. नियम निघेना. प्रत्येक होडीचं पोट वेगळं, बाक वेगळा, एकीचं माप दुसरीला लागू नाही. शनिवारी संध्याकाळी वही घेऊन मामीसमोर बसले आणि हरल्यासारखी म्हणाले, "मामी, त्याला नजर होती गं. ती कुठून आणू?"

मामा गेल्यापासून मामी घराबाहेर पडली नव्हती. तिने वही उलटीच धरली, परत दिली. तिला वाचता येत नाही.

"नजर त्याची कुठं होती?" ती म्हणाली. "तो होडीला नाक लावून बसायचा. त्याला काय दिसनार? लांबून मी बघायची. हात वर केला की रुंद कर, खाली केला की पुरे."

मी वही मिटली. "म्हणजे तू कावळे..."

"कावळे कसले! बोंबलांवर तर जाळं असायचं."

चाळीस वर्षं! आणि गावाने, मी, कुणीही तिला पेंटर म्हटलं नाही. मामाने तरी कुठे सांगितलं? या एका गोष्टीसाठी मला त्याचा राग आहे आणि तो इथे लिहिते आहे, म्हणजे लेख नुसता गोड व्हायचा नाही.

"पण तुला वाचता येत नाही, मग कळायचं कसं?"

"अक्षर कोन बघतंय? मी मधली जागा बघते. जागा सारखी दिसली का झालं."

रविवारी सकाळी मामी वाळूवर आली. शेजारणी कुजबुजल्या, एवढ्यात कशी बाहेर पडली म्हणून. "होड्या थांबल्यात का त्याच्यासाठी?" एवढंच तिने विचारलं आणि ती लांब जाऊन होडीच्या तोंडासमोर उभी राहिली. मी खडूने 'द' काढला. मागे वळून पाहिलं, हात खाली. 'र्या' काढला, हात वर. पुसलं, रुंद केलं, अजून वर. 'री'पाशी पोचेपर्यंत तो हात इतक्यांदा वर गेला की मला ते अक्षर जवळून राक्षसासारखं दिसायला लागलं. माझी अठरा वर्षांची शिकवणूक ओरडत होती की हे चूक आहे. मी त्या शिकवणुकीचं ऐकलं नाही. दुसऱ्या बाजूला सगळं उलट, तिथे 'द' रुंद आणि 'री' अरुंद. सर आली की ताडपत्री ओढायची, उघडलं की रंग. दोन रविवार लागले.

गेल्या गुरुवारी दिनेशने इंजिनाच्या चाचणीसाठी होडी पाण्यात घातली, समोरच्या किल्ल्याच्या बेटाकडे एक फेरी मारली आणि तोंड वळवलं. मी आणि मामी किनाऱ्यावर होतो. पिवळा ठिपका हळूहळू मोठा होत गेला आणि मग नाव उघडलं, सगळंच्या सगळं, सुटं सुटं... मला रडू फुटलं. चारचौघांत, पदराने नाक पुसत मी रडले. मामी रडली नाही. डोळ्यांवर हात धरून ती बघत होती.

"शेवटचं जरा बारीक झालंय," ती म्हणाली.

"पुसू का?"

"नको. पुढच्या होडीला आनखी रुंद घे."

तीन होड्या राहिल्यात, नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस. रविवारांवर भागायचं नाही, म्हणून काल मी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. त्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'घरचं काम'.