डिंडोलीच्या जुळ्या

पालिकेच्या शाळेपेक्षा ट्रस्टच्या शाळेत मुलं जास्त शिकतात का, हे मी डिंडोलीत तपासत होतो. ट्रस्टचा प्रवेश सोडतीने. दोन जुळ्या बहिणींपैकी एकीचीच चिठ्ठी निघाली होती; दुसरी पालिकेच्या शाळेत. घर एकच, फरक फक्त शाळेचा, म्हणून माझी सगळी भिस्त त्यांच्यावर. पण माझ्या चाचणीत दोघींचे मार्क सारखेच आले, म्हणून त्यांच्या घरी गेलो.

आई साडीला टिकल्या चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "सारखेच येणार ना भाऊ! गणवेश बदलून आलटूनपालटून जातात. चांगली शाळा एकीलाच कशी देऊ?" मग हात थांबला. "शाळेत सांगाल तर दोघींनाही काढतील."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

तिने खुशीत दोघींना समोर उभं केलं. "ओळखा, आज तिकडे कोण गेलेली?"

बराच वेळ बघितलं. चांगल्या शाळेवर अन्याय होणार, कबूल. पण अहवालात लिहिलं, फरक आढळला नाही.