हरभरा भागिले खेचर

कॉलेजच्या रसायनशास्त्रात आमच्या घरातला एकच माणूस पास झाला आणि तो मी नव्हे.

लढाईची वर्षं होती. सांगलीच्या कॉलेजात सहामाहीला रसायनात नापास होऊन मी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी सुट्टीला आलो होतो. आमचे वडील, म्हणजे आबा, पलटणीच्या खेचर कंपनीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. "आनि एकदा नापास झालास, की थेट भरती हापिसात नेतो बग," एवढंच ते म्हणाले. मला खेचरांची भयंकर भीती वाटे. (माणसांचीही वाटे, पण माणसं लाथ घालण्याआधी निदान बोलतात!)

म्हणून मी ओसरीवर बसून मोठ्यानं घोकू लागलो, "हायड्रोजन, दोन ग्रॅम पर मोल! ऑक्सिजन, बत्तीस ग्रॅम पर मोल!" मोल हे रसायनातलं एक माप आहे, एवढंच मला कळलं होतं.

आबा ताडकन उठून बसले. पलटणीच्या इंग्रजीत ग्रॅम म्हणजे हरभरा आणि म्यूल म्हणजे खेचर. त्या म्यूलला आबा जन्मभर 'मोल' म्हणत आले होते!

"कालिजात खेचरं शिकिवत्यात व्हय रं? आनि मला बोलला न्हाईस?"

खरं सांगायला हवं होतं. पण आबा आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मला ते फार आवडलं. "व्हय आबा," मी म्हणालो.

"दोन शेर बरूबर हाय. पर आक्सिजनला बत्तीस? कंच्या जातीचं रं ह्ये?"

"विलायती."

"तरीच!"

सुट्टी संपली तसे आबा माझ्याबरोबर सांगलीला निघाले. खांद्यावर पायलीभर हरभरा, कॉलेजच्या प्रयोगाला! मला वाटेतच उतरून पळून जावंसं वाटत होतं.

प्रोफेसरांनी हरभरा बघितला, आबांना बघितलं आणि माझा पेपर काढला. "ऐंशी ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे किती मोल? चिरंजीवांनी भागायचं सोडून गुणलंय. दोन हजार पाचशे साठ!"

आबा माझ्याकडे वळले. "ऐंशीत एवढी? उपाशी मारतोस व्हय रं?" मग प्रोफेसरांना म्हणाले, "आवं, एकाला बत्तीस. दोन मोल पोटभर, आनि तिसरं आर्धपोटी."

"अडीच! अगदी बरोबर!" प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. "घरात असे वडील असताना तुम्ही नापास कसे होता हो?"

दुर्दैवानं वार्षिक परीक्षेला वडिलांना बसू देत नाहीत. मी बसलो, नेटानं गुणाकार केले आणि महिन्याभरात खेचर कंपनीत भरती झालो.

पहिल्याच दिवशी हवालदारांनी विचारलं, "चाळीस खेचरं, एकाला दोन शेर. हरभरा किती काढायचा?"

आता मी शहाणा झालो होतो. गुणायचं नाही, हे पक्कं ठाऊक होतं. मी भागाकार केला आणि वीस शेर काढला.

तो पेपर चाळीस खेचरांनी तपासला.